बिनपाण्याची हजामत

आपल्या मराठी भाषेंत एक मोठा मार्मिक वाक्प्रचार आहे. एखाद्यास कोणी कडक शब्दांत झाडलें, किंवा गोड बोलून त्याचा खिसा रिकामा केला, म्हणजे पाहणारे लोक हंसून म्हणतात, "त्याची बिनपाण्यानें हजामत झाली!" हा वाक्प्रचार ज्या कोणीं प्रथम योजिला, त्यास हजामतीचें मर्म पुरतें ठाऊक असलें पाहिजे. वस्तरा तोच, हात तोच आणि गालही तोच. परंतु मध्यें पाणी नसेल तर जी गोष्ट सुखाची व्हावयाची ती शिक्षा होऊन बसते. हें मर्म उलगडून दाखविणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

शाळेच्या वार्षिकांत असा विषय पाहून कांहीं पालकांस नवल वाटेल. परंतु थोडा विचार करावा. वरच्या वर्गांतील मुलांच्या ओठांवर कोवळी लव दिसूं लागली म्हणजे आपण कौतुक करितों, प्रसंगीं थट्टाही करितों. मात्र वस्तरा हातीं कसा धरावा हें त्यांस कोणी सांगत नाहीं. भूमितीचे सिद्धांत आम्ही शिकवितों, नद्यांचीं नांवें पाठ करून घेतों. परंतु ज्या कामास पुढील पन्नास-साठ वर्षें रोज सकाळचीं दहा मिनिटें द्यावयाचीं, तें काम बहुतेक मुलगे चोरून, घाईनें आणि स्वतःचें रक्त सांडून शिकतात. मीही तसाच शिकलों.

सुमारें पन्नास वर्षांपूर्वींची गोष्ट. शाळेच्या स्नेहसंमेलनांतील नाटकांत मला प्रधानाची लहानशी भूमिका मिळाली होती. रंगभूमीवर आपण नीटनेटके दिसावें म्हणून त्या दिवशीं दुपारीं, घरांत कोणी नाहीं असें पाहून, मीं वडिलांचा वस्तरा कोनाड्यांतून काढिला. पाणी नाहीं, साबण नाहीं. आरशासमोर उभा राहून मीं तो कोरड्या हनुवटीवर दाबून ओढिला. केस निघेनात, म्हणून आणखी जोर केला. केस राहिले बाजूला, आणि कातडी मात्र बोटाच्या पेराएवढी कापली गेली. त्या रात्रीं हनुवटीस पट्टी बांधूनच प्रधानजी दरबारांत आले, आणि प्रेक्षकांत जो हंशा पिकला तो नाटककारानें लिहिलेला नव्हता.

वडील रागें भरले नाहींत. पुढच्या रविवारीं आमच्या घरीं नेहमीं येणारे वृद्ध नाभिक आले. त्यांस आम्ही मुलें काका म्हणत असूं. वडिलांनीं मला त्यांच्यापुढें बसविलें व जखम दाखविली. काकांनीं ती निरखून पाहिली, आपली धोकटी उघडली आणि शांतपणें म्हणाले, "बाळा, जोर करावा लागला ना? मग आधींचंच कांहीं तरी चुकलं. धार, पाणी नि हात, हीं तीन नीट असलीं कीं जोर लागतच नाहीं."

पुढें मीं या विषयावर पुष्कळ वाचलें, पुष्कळांस विचारलें; परंतु काकांच्या त्या एका वाक्यापलीकडे जाणारें असें फारसें कांहीं सांपडलें नाहीं. म्हणून त्यांच्याच क्रमानें आपण धार, पाणी आणि हात या तिन्हींचा विचार करूं.

प्रथम धार. मिटणाऱ्या वस्तऱ्याचे दोन मुख्य भाग असतात : पोलादी पातें, आणि तें ज्यांत मिटून राहतें ती मूठ. पात्याची जाड कड ती पाठ, आणि पातळ कड ती धार. पात्याचा जो निमुळता दांडा मुठीच्या खिळ्याजवळ असतो तो बोटांनीं धरावयाचा असतो, आणि त्याच्या टोकास एक वळणदार शेपूट असतें; त्यावर करंगळी टेकते. पात्याच्या दोन्ही बाजू सपाट नसून आंतल्या अंगास खोलगट घासलेल्या असतात. त्यामुळें धारेजवळचें पोलाद कागदासारखें पातळ होतें, आणि पाठ मात्र जाड व भक्कम राहते. ही जाडी उगाच ठेविलेली नाहीं. दगडावर धार लावितांना पाठ आणि धार हीं दोन्ही एकाच वेळीं दगडास टेकवावयाचीं असतात. म्हणून धारेचा कोन कारागिराच्या अंदाजावर न राहतां पाठीची जाडी व पात्याची रुंदी यांवरून आपोआप ठरतो. त्रिकोणमिति शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनीं रुंदी १६ मिलिमीटर आणि पाठीची जाडी ४.५ मिलिमीटर धरून एक समद्विभुज त्रिकोण काढावा; शिरःकोन सुमारें १६ अंशांचा येईल. घरांतील सुरीची धार याहून पुष्कळच बोजड असते.

इतकी पातळ धार टिकावयाची तर पोलाद सर्वत्र एकजीव असलें पाहिजे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडांतील पोलादांत कोठें कठीण तर कोठें मऊ असे भाग राहून जात. डॉनकॅस्टर येथील बेंजामिन हंट्समन नांवाच्या घड्याळजीस घड्याळाच्या कमानींसाठीं मनाजोगें पोलाद मिळेना. तेव्हां १७४० च्या सुमारास त्यानें शेफील्डजवळ भट्टी घातली, आणि पोलाद मातीच्या मुशींत पूर्णपणें वितळवून एकजीव करण्याची रीत बसविली. घड्याळासाठीं शोधलेलें हें पोलाद वस्तऱ्यांच्या कामीं फार उपयोगी पडलें. शेफील्डचे, आणि पुढें जर्मनींतील सोलिंगेनचे वस्तरे देशोदेशीं गेले. आमच्या वडिलांचा वस्तराही सोलिंगेनचाच होता.

आपल्याकडील लोहार कोयत्यास जसें "पाणी" देतो, तसें तें वस्तऱ्यासही द्यावें लागतें. पातें लाल होईपर्यंत तापवून पाण्यांत अथवा तेलांत एकदम निवविलें म्हणजे तें कठीण होतें, परंतु ठिसूळही होतें. म्हणून पुन्हां बेताचें तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करितात. गालाला पाणी लावण्याच्या किती तरी आधीं पात्यास पाणी मिळालेलें असतें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

येथें एक कोडें उभें राहतें. पोलाद हें केसाहून सुमारें पन्नास पट कठीण आहे; मग मऊ केस कापतां कापतां धार बोथट कां व्हावी? याचें उत्तर अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंतील संशोधकांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलें. धार केवळ झिजून जाते अशी पूर्वींची समजूत होती. त्यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं केस कापून पाहिले, तेव्हां असें दिसलें कीं, केस धारेखालीं वाकला आणि नेमकी त्याच ठिकाणीं पोलादाची घडण एकसारखी नसली, तर धारेचा अतिसूक्ष्म टवकाच उडतो. म्हणजे हंट्समनची एकजीव पोलादाची धडपड योग्य दिशेची होती हें पावणेतीनशें वर्षांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं स्पष्ट झालें.

रोजच्या रोज धार राखण्याचें साधन म्हणजे चामड्याचा पट्टा. दगडाचें काम कांहीं महिन्यांनीं एकदां. पट्ट्याचें काम प्रत्येक दाढीपूर्वीं. बेल्जमच्या आर्देन भागांत सांपडणारा पिवळसर दगड यासाठीं नांवाजलेला आहे, कारण त्यांत गार्नेट या कठीण खनिजाचे फार बारीक कण असतात. दगडावर वस्तरा धार पुढें ठेवून चालवावयाचा, आणि पट्ट्यावर नेमका उलट, म्हणजे पाठ पुढें व धार मागें. पट्ट्यावर धार पुढें केली तर ती चामड्यांत शिरेल. पट्टा कापला जाईल आणि धारही जाईल. टोकास पोंचल्यावर वस्तरा पाठीवर कुशी बदलतो आणि परत येतो. धारेवर तो कधींही उलटूं नये. पट्टा ताणून धरावा, हात घाईचा नसावा, आणि तीस-चाळीस वेळां असें परजलें म्हणजे धारेवरचे बारीक वांक सरळ होतात. धार पाहण्यासाठीं तिच्यावर अंगठा फिरविण्याची खोड मात्र कोणीं लावून घेऊं नये.

आतां पाणी. दाढीचा कोरडा केस चिवट आणि ताठ असतो. परंतु केस ज्या केरॅटिन नांवाच्या द्रव्याचा बनलेला आहे तें पाणी शोषून घेतें. केस भिजला म्हणजे त्याची जाडी वाढते, लांबी जवळजवळ तेवढीच राहते, आणि तो मऊ होऊन पुष्कळ कमी जोरानें कापला जातो. हें क्षणांत होत नाहीं. कोंबट पाण्यास निदान दोन-तीन मिनिटें द्यावीं लागतात. म्हणून दाढी स्नानानंतर करावी हें सर्वांत उत्तम. तें न साधल्यास कढत पाण्यांत पिळलेला रुमाल गालांवर धरावा. आमचे काका तर गिऱ्हाइकाशीं गांवच्या गोष्टी बोलत बोलत कितीतरी वेळ बोटांनीं पाणी चोळीत राहत. गप्पा मारण्याची ही त्यांची खोड असावी असें मला लहानपणीं वाटे. त्या गप्पा म्हणजे त्यांचें घड्याळ होतें हें पुढें कळलें.

साबणाचा फेसही शोभेकरितां नसतो. केसांनीं घेतलेलें पाणी लगेच वाळून जाऊं नये म्हणून फेस त्यावर पांघरुणासारखा बसतो, आणि पातें कातडीवरून घसरावें म्हणून तो वंगणाचेंही काम करितो. यासाठीं फेस दाट व ओला असावा. मोठाले बुडबुडे असलेला कोरडा फेस दिसावयास भरघोस असतो, परंतु क्षणांत विरतो. कुंचला गोल गोल फिरवून फेस केसांच्या मुळाशीं न्यावा. एक गाल करीत असतां दुसऱ्या गालावरचा फेस वाळला तर कंटाळा न करितां पुन्हां लावावा. अंगावरील कोणताही भाग कोरडा असतां त्यावर वस्तरा ठेवूं नये, हा नियम मीं एका दुपारीं मोडिला आणि त्याची खूण अद्याप हनुवटीवर बाळगून आहें.

तिसरा हात. वस्तरा मुठीनें आवळून धरावयाचा नसतो. पहिलीं तीन बोटें दांड्याच्या वरच्या अंगास, अंगठा खालच्या अंगास आणि करंगळी शेपटावर, अशी पकड असावी. ती लेखणी धरण्याइतकी हलकी, परंतु सुटणार नाहीं इतकी निश्चित असावी. पात्याचा कोन असा साधावा : प्रथम पातें गालावर अगदीं निजवावें, मग पाठ तिच्या स्वतःच्या जाडीच्या सुमारें दुप्पट अंतर वर उचलावी. हा कोन अदमासें तीस अंशांचा होतो. पातें याहून फार निजलें तर तें केस न कापतां ओढतें. फार उभें राहिलें तर कातडी खरवडतें.

दुसऱ्या हातालाही तितकेंच काम आहे. त्यानें कातडी ताणून धरावयाची असते. सैल कातडीची पात्यापुढें लाट उठते, आणि त्या लाटेवरच जखम होते. सपाट व ताणलेल्या कातडीवर धार आपल्या वजनानें चालते. हात आंखूड, म्हणजे एका वेळीं दीड-दोन बोटें इतकेंच अंतर चालावा, आणि वस्तरा नेहमीं धारेच्या दिशेनें पुढें जावा. धारेच्या लांबीच्या दिशेनें, करवत ओढावी तसा, तो चुकूनही सरकवूं नये; कारण तशा सरकण्यानें अगदीं हलका स्पर्शही खोल कापून जातो. नवख्यास होणाऱ्या बऱ्याच जखमा याच चुकीच्या असतात.

आरंभ करण्यापूर्वीं, दाढी दोन दिवसांची वाढली असतां, आपल्या चेहऱ्यावर बोटें फिरवून केस कोणत्या दिशेस झुकले आहेत तें पाहावें. गालांवर ते बहुधा खालीं झुकतात. परंतु गळ्यावर ते वर, आडवे, कधीं भोंवऱ्यासारखेही फिरतात, आणि प्रत्येकाचा नकाशा निराळा असतो. पहिला हात केसांच्या कलानें फिरवावा. मग पुन्हां फेस लावून दुसरा हात आडवा फिरवावा. कलाच्या उलट फिरविला असतां दाढी अत्यंत गुळगुळीत होते हें खरें. परंतु तो हात पहिलीं कांहीं महिने करूंच नये. पहिल्या आठवड्यांत तर वस्तऱ्यानें केवळ दोन्ही गाल करावे व उरलेली दाढी नेहमींच्या साधनानें पुरी करावी. हनुवटीची गोलाई, वरचा ओठ आणि गळ्याचा घांटीजवळचा भाग हे परीक्षेचे कठीण प्रश्न आहेत. ते शेवटीं सोडवावे. वरच्या ओठासाठीं ओठ दांतांवर खालीं ताणावा, आणि हनुवटीसाठीं खालचा ओठ वर ओढून घ्यावा.

गुळगुळीतपणासही मर्यादा आहे, हें तरुणांनीं ध्यानांत ठेवावें. कातडी फार ताणून व उलट्या हातानें केस अगदीं मुळाशीं कापिला तर त्याचें टोक कातडीच्या आंत राहतें. कुरळ्या केसांच्या माणसांत असें टोक वाढतांना वळून कातडींतच शिरतें, आणि तेथें लाल पुटकुळी उठते. ज्यांस असा त्रास होतो त्यांनीं केसांच्या कलानें एकच हात फिरवून समाधान मानावें. गालावर हात फिरविल्यावर किंचित् खरखर लागली तर त्यांत कमीपणा नाहीं. आग होणारा गुळगुळीत गाल हा कांहीं यशाचा पुरावा नव्हे.

दाढी झाल्यावर थंड पाण्यानें तोंड धुवावें. तुरटीचा खडा भिजवून फिरविला असतां बारीक ओरखड्यांतून येणारें रक्त थांबतें. शिवाय तुरटी ही उत्तम परीक्षक आहे : जेथें ती फार झोंबते तेथें आज आपला हात जड पडला, असें समजावें. वस्तरा धुऊन लगेच कोरडा पुसावा. जुन्या वस्तऱ्यांचें पोलाद सहज गंजतें, आणि कोंकणांतील पावसाळ्यांत तर एका रात्रींत धारेवर तांबूस ठिपके येतात. म्हणून त्या दिवसांत पात्यास शिवणयंत्राच्या तेलाचा पुसट हात द्यावा, आणि वस्तरा ओला असतां पेटींत बंद करूं नये.

इतकी काळजी घेऊनही एखादे वेळीं कापतेंच. अशा लहान जखमेस कोणीं तुच्छ लेखूं नये म्हणून एक सत्य घटना सांगतों. अमेरिकेंतील काँकर्ड गांवीं हेन्री डेव्हिड थोरो हा विचारवंत होऊन गेला. त्याच्या कायदेभंगावरील निबंधाची थोरवी महात्मा गांधींनीं मानिली होती. त्याचा वडील भाऊ जॉन हा त्याचा सर्वांत जवळचा सोबती. १ जानेवारी १८४२ रोजीं पट्ट्यावर वस्तरा परजीत असतां जॉनच्या अनामिकेचें टोक किंचित् कापलें. जखम इतकी लहान कीं ती बांधून तो आपल्या कामास लागला. परंतु कांहीं दिवसांनीं बोट दुखूं लागलें, मग दांतखिळी बसली, आणि ११ जानेवारी रोजीं धनुर्वातानें त्याचा अंत झाला. या भावासह १८३९ सालीं केलेल्या नौकाप्रवासावर हेन्रीनें १८४९ सालीं पुस्तक प्रसिद्ध केलें; सोबती गेला, प्रवासाची आठवण तेवढी उरली.

त्या काळीं धनुर्वाताचें कारण कोणास ठाऊक नव्हतें. हा रोग मातींत व शेणांत राहणाऱ्या एका जंतूच्या विषामुळें होतो, आणि जखम हें त्या जंतूचें प्रवेशद्वार असतें. १८८९ सालीं जपानी शास्त्रज्ञ किटासाटो यांनीं बर्लिन येथें हा जंतु शुद्ध स्वरूपांत वाढवून दाखविला, आणि पुढच्याच वर्षीं बेरिंग व किटासाटो यांनीं त्याच्या विषावरील उताऱ्याचा शोध प्रसिद्ध केला. आज जॉनसारखें मरण टाळतां येतें. आपल्या देशांतील लसीकरणाच्या वेळापत्रकांत वयाच्या १० व्या व १६ व्या वर्षीं धनुर्वात व घटसर्प यांवरील टीडी लस आहे. सोळावें वर्ष हेंच बहुधा पहिल्या दाढीचेंही वर्ष असतें. पालकांस विनंति कीं, मुलाच्या हातीं वस्तरा देण्यापूर्वीं ही लस टोंचली आहे कीं नाहीं तें पाहावें.

दुसरी गोष्ट अशी कीं वस्तरा हा भावाभावांनीं वा मित्रांनीं वाटून घेण्याचा पदार्थ नव्हे. वसतिगृहांत साबण मागून घेतां येईल, आरसाही घेतां येईल. वस्तरा किंवा ब्लेड मात्र मागूं नये व देऊंही नये. डोळ्यांस न दिसणाऱ्या रक्ताच्या अंशांतूनही रोग पसरतात. हिपॅटायटिस बी या यकृताच्या रोगाचा विषाणु तर शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहूं शकतो. याच कारणास्तव आजच्या केशकर्तनालयांत अर्धें ब्लेड बसविण्याचा वस्तरा वापरतात. दिसावयास तो जुन्या वस्तऱ्याचा धाकटा भाऊ. परंतु त्याचें ब्लेड प्रत्येक गिऱ्हाइकास नवें असलें पाहिजे. खुर्चींत बसल्यावर नम्रपणें, "दादा, ब्लेड नवीन लावा," असें म्हणण्यास मुलांनीं संकोच करूं नये. चांगला कारागीर यावर कधीं रागावत नाहीं. तो वेष्टण आपल्यासमोरच फोडतो. कुंचल्याविषयींही हीच सावधगिरी हवी. पहिल्या महायुद्धाच्या काळांत निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांचे कुंचले वापरल्यामुळें कित्येक सैनिकांस अँथ्रॅक्स हा घातक रोग जडला होता.

कोणी म्हणेल, आज बाजारांत इतकीं सुरक्षित यंत्रें असतां या जुन्या वस्तऱ्याचें पुराण कशाला? शंका रास्त आहे. माणसाच्या बेसावध हातापासून त्याचाच गाल वांचवावा हा विचार फार जुना आहे. १७७० च्या सुमारास झाँ-झाक पेरे या फ्रेंच कारागिरानें स्वतःची दाढी स्वतः करण्याच्या कलेवर ग्रंथ लिहिला, आणि सुताराच्या रंध्यावरून कल्पना घेऊन पात्यास लाकडी आवरण बसविण्याची युक्ति सुचविली. पुढें अमेरिकेंत किंग जिलेट यानें बदलण्याच्या पातळ पात्यांचें यंत्र विक्रीस आणिलें. १९०३ सालीं, पहिल्या वर्षीं, त्याचीं केवळ ५१ यंत्रें व १६८ पातीं खपलीं. नंतर थोड्याच वर्षांत तें जगभर पसरलें. परंतु यंत्र बदललें म्हणून केस बदलला नाहीं आणि कातडीही बदलली नाहीं. त्या यंत्रानेंही कोरड्या गालावर दाबून ओढिलें तर आग होते, पुटकुळ्या येतात, आणि लोक ब्लेडला दोष देतात. उघडा वस्तरा चूक तत्काळ दाखवितो. यंत्र ती झांकून ठेवितें, एवढाच काय तो फरक. ज्यानें वस्तऱ्याचा नियम समजून घेतला त्याची दाढी कोणत्याही साधनानें सुखाची होईल.

शेवटीं पुन्हां काकांकडे येतों. त्या रविवारीं त्यांनीं माझ्या हनुवटीची जखम सोडून उरलेली लव काढिली. वस्तरा गालावरून फिरत होता, परंतु तो फिरतो आहे हें मला कळत नव्हतें. केवळ पिकल्या पानावरून नख फिरावें तसा बारीक आवाज येत होता. डोळे मिटून, मान मागें टाकून, मीं माझा गळा त्यांच्या हातीं दिला होता, आणि मनांत भय म्हणून नव्हतें. पुष्कळ वर्षांनीं माझ्या ध्यानांत आलें कीं, एवढा विश्वास आपण वैद्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या हातावर क्वचितच टाकतों. ज्या माणसाच्या हातीं आपण निःशंकपणें गळा देतों, त्याच्या धंद्यास हलका समजणारांनीं एकदां आरशांत आपलें तोंड नीट पाहावें.

वडिलांनीं तोच वस्तरा पुढें माझ्या हातीं दिला आणि पहिले चार दिवस ते स्वतः शेजारीं उभे राहिले. पालकहो, आपणही आपल्या मुलास इतका वेळ अवश्य द्यावा. तो आपल्याकडे मागणार नाहीं, कारण त्यास लाज वाटत असते. आणि विद्यार्थी मित्रहो, आपणांस एवढेंच सांगणें आहे कीं, हातांत वस्तरा असो, लेखणी असो वा एखादें अवघड काम असो, जेव्हां जोर करावासा वाटेल तेव्हां क्षणभर थांबावें आणि धार, पाणी व हात यांपैकीं काय राहिलें तें पाहावें. बिनपाण्याची हजामत लोक आपली करतील तेव्हां करतील. ती आपणच आपली करूं नये.